आमच्या बलुत्याला जजमानी म्हणणाऱ्यांस

समाजशास्त्र अभ्यासमंडळाचे अध्यक्ष महोदय यांस,



तुम्ही आखलेला अभ्यासक्रम मी गेली अनेक वर्षं शिकवतो आहे, म्हणून हे पत्र थेट तुम्हाला. व्यासपीठावर तुम्ही वसाहतवादी मानसिकता झुगारण्याची भाषा करता. दुसऱ्या दिवशी मी वर्गात जातो आणि तुमच्या आज्ञेनुसार फळ्यावर लिहितो, 'जजमानी व्यवस्था'.

समोर बसलेल्या मुलांच्या गावात हा शब्द कुणाच्या तोंडी नाही. तो आपल्याकडच्या क्रमिक पुस्तकांत शिरला विल्यम वायझर या अमेरिकन मिशनऱ्याच्या १९३६ च्या पुस्तकामुळे. त्यानं अभ्यासलेलं गाव करीमपूर, उत्तर प्रदेशातल्या मैनपुरीकडचं. त्याच्या एकवीस वर्षं आधी, १९१५ मध्ये, त्रिंबक नारायण आत्रे यांचा 'गावगाडा' मराठीत छापून झाला होता. बलुतेदार कोण, अलुतेदार कोण, थोरल्या ओळीत कुणाचा मान, खळ्यावर कुणाच्या पदरात काय पडतं, सगळं त्यात आहे. आत्रे इंग्रजांच्या महसूल खात्यातले. फिरस्त्या जमातींबद्दल त्यांनी लिहिलेलं आज वाचवत नाही. मग तेही वर्गात वाचू द्या, मुलांना त्यांच्याशी भांडू द्या. पण तुम्ही ते पुस्तक संदर्भयादीतही घेतलं नाहीत.

फुले आणि आंबेडकर तुम्ही घेतलेत, हे मला ठाऊक आहे. कुठे घेतलेत? 'समाजसुधारक' या प्रकरणात, पाच गुणांच्या टिपेपुरते. सिद्धान्ताच्या पेपरात काँत, स्पेन्सर, दुर्खीम, वेबर. दुर्खीमनं ऑस्ट्रेलियात पाऊल न ठेवता तिथल्या आदिवासींच्या धर्मावर ग्रंथ लिहिला, तो सिद्धान्त. आंबेडकरांनी ९ मे १९१६ रोजी, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, कोलंबिया विद्यापीठात निबंध वाचला; सेनार, नेसफील्ड, रिस्ली, केतकर यांच्या व्याख्या तपासून जातीचं मूळ जातीअंतर्गत विवाहात आहे आणि सती, सक्तीचं वैधव्य, बालविवाह या प्रथा त्यासाठीच आल्या, असं दाखवून दिलं. त्याची मात्र तुम्ही टीप केलीत! 'स्त्री-पुरुष तुलना' १८८२ चं. ताराबाई शिंद्यांना तर टीपही नाही. दुर्खीम काढून टाका असं मी म्हणत नाही, तो मला प्रिय आहे. त्याच्याशी बरोबरीनं वाद घालू शकणारी आपली माणसं तुम्ही त्याच्या पंक्तीला बसू देत नाही, हा माझा आरोप आहे.

आता नव्या शैक्षणिक धोरणाचा हवाला देऊन तुम्ही भारतीय ज्ञानपरंपरेचं प्रकरण जोडलंत, आणि त्यात पहिला मान मनुस्मृतीला. अहो, कंपनी सरकारच्या न्यायालयासाठी विल्यम जोन्सनं १७९४ मध्ये मनुस्मृती इंग्रजीत आणली. हिंदू समाज म्हणजे पोथीतले नियम, ही समजूत पक्की होण्यात त्या उद्योगाचा मोठा वाटा आहे. साहेबाच्या कपाटातलं पुस्तक काढून तुम्ही त्यालाच स्वदेशी म्हणता. १८७३ मध्ये 'गुलामगिरी' लिहून त्या पोथीला भिडलेला माणूस पुण्यातलाच होता, तो तुम्हाला परंपरेत दिसत नाही.

मागच्या वर्षी एका मुलीनं वर्गात हात वर केला. तिचे पणजोबा गावचे न्हावी. म्हणाली, "सर, आमच्याकडे जजमान कुणी म्हणत नाही. आजी सांगते, बलुतं मागायला गेलं की आधी ओट्याखाली उभं राहावं लागायचं. हे उत्तरात लिहू का?" मी तिला सांगितलं, परीक्षेत पुस्तकातलंच लिही.

तिनं तसंच लिहिलं. वायझर, करीमपूर, परस्परावलंबन, सगळं अचूक. उत्तरपत्रिका माझ्याकडेच आली आणि मी तिला पूर्ण गुण दिले. आजी त्या उत्तरात कुठेच नव्हती. अभ्यासमंडळाच्या पुढच्या बैठकीला मी 'गावगाडा' आणि आंबेडकरांचा तो निबंध घेऊन येतो आहे. सिद्धान्ताच्या पेपरात त्यांना जागा का नाही, याचं उत्तर मला इतिवृत्तात लिहून हवं आहे.

आपला,
एक प्राध्यापक