सव्वाशे पट वाघ

वर्ध्यात राहून जंगलाचे व्हिडिओ काढायचा छंद लागला की माणूस आधी जंगलात जात नाही, नागपूरला बर्डीच्या बाजारात कॅमेरा घ्यायला जातो. दुकानदार पहिल्यांदा बजेट विचारतो आणि मग "झूम किती पाह्यजे?" टिपायचं काय, हे तो विचारत नाही, ते बरंच. आपण "वाघ" म्हणणार, हे त्याला पाठ असतं. आपलं बोर २०१४ साली व्याघ्र प्रकल्प झालं ते जेमतेम १३८ चौरस किलोमीटरचं, तेव्हा देशातलं सगळ्यात लहान. एवढ्याशा जागेत वाघ लपून लपणार कुठे, असा हिशेब करून माणूस झूमवर पैसे ओततो. (लपतो. आरामात लपतो.)

झूमचा मोह मोठा. निकॉनचा पी-१००० हा कॅमेरा २०१८ मध्ये १२५ पट झूम घेऊन आला. त्यातून चंद्रावरचे खड्डे दिसतात. पण त्या लांबलचक भिंगामागचा सेन्सर करंगळीच्या नखाहून लहान, आणि पूर्ण झूम केला की आत येणारा उजेडही कमी होतो. वाघाला हिंडायची हुक्की येते ती पहाटे नाहीतर तिन्हीसांजेला. भर दुपारी उजेड मुबलक, तर मे महिन्यात तापलेल्या जमिनीवरची हवा अशी थरथरते की लांबच्या सांबराच्या कडाच वितळतात. पंचेचाळीस अंशांत फोर-के चालू ठेवलं तर कॅमेरा तापून बंद पडायची भीती. वाघ पाणवठ्यात बसलेला असतो. त्याला ही अडचण नाही.

माझं मत विचाराल तर झूम बेताचा, सेन्सर मोठा आणि उरलेले पैसे माइकवर. वानराचा खोकल्यासारखा इशारा आला की गाइड कान टवकारतो. डोळ्यांचं काम नंतर सुरू होतं. कॅमेऱ्यातल्या माइकवर मात्र वारा येतो, जिप्सीचं इंजिन येतं आणि "ओ भाऊ, सरका ना थोडं" हे तर फारच स्वच्छ येतं. जिप्सीत तिपाई मांडायला जागा नसते. कापडी पिशवीत सरकी भरून ती गजावर ठेवावी, कॅमेरा तिच्यावर. कापसाच्या जिल्ह्यात निदान एवढी सामग्री तरी घरची.

आणखी एक सोय बघून घ्यावी: बटण दाबायच्या आधीचे काही सेकंदही साठवून ठेवणारी. पवनारला धाम नदीच्या काठी बसलं की तिची किंमत कळते. खंड्या सूर मारतो, आपण बटण दाबतो, आणि पडद्यावर उरतात नुसत्या पाण्यावरच्या लाटा. बोरच्या वाघापेक्षा या खंड्यासाठी कॅमेरा निवडावा, असं मला हल्ली वाटतं. तो रोज भेटतो, तिकीट लावत नाही, आणि त्याच्यासाठी जिप्सीची रांगही लागत नाही.

हिंगणीकडच्या एका शेतकऱ्याला हे सगळं मी उत्साहाने सांगत होतो. तुरीत रोही शिरू नये म्हणून तो रात्री मचाणावर जागलीला असतो. मी ज्यासाठी पैसे मोजतो ते त्याच्या धुऱ्यावर फुकट, तेही नको असताना येतं. त्याने कॅमेरा हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला.

"रातच्याले दिसते का यातून?"

"थोडंफार."

"आन् रोही पयते का याले पाहून?"

नाही म्हटलं.

"मंग फटाकेच बरे," तो म्हणाला आणि किंमत न विचारताच कॅमेरा परत दिला.