तीस सेकंदांचं शुद्धिपत्र

जॉन फोर्डच्या ‘माय डार्लिंग क्लेमेंटाइन’मध्ये (१९४६) हेन्री फोंडा ओसरीवर खुर्ची मागच्या दोन पायांवर तोलून बसतो आणि समोरच्या खांबावर आळीपाळीने एकेक पाय टेकवत राहतो. एवढ्यावरच मी मार्शल वायट अर्पला सज्जन ठरवून टाकलं होतं. पुढे ‘आता खरं सांगतो’ म्हणणारे काऊबॉयपट बघायला लागलो आणि मनःशांती गेली.

या सिनेमांच्या मुळाशी असलेली, अर्प मंडळी आणि आइक क्लँटनचे साथीदार यांच्यातली खरी चकमक २६ ऑक्टोबर १८८१ची, ॲरिझोनातल्या टूमस्टोन गावची. जेमतेम तीस सेकंद, तीसेक गोळ्या, तीन मुडदे. तीही तिच्या नावाशी कायमच्या जोडल्या गेलेल्या ओ. के. कोरलमध्ये नव्हे, तर सी. एस. फ्लायच्या फोटो स्टुडिओला लागून असलेल्या चिंचोळ्या मोकळ्या जागेत. दारात इतिहास घडत असताना फ्लायसाहेब बाहेर आले ते रायफल घेऊन! फोटो एकही नाही. मग सिनेमावाल्यांचं फावणारच.

जॉन स्टर्जेसने १९५७ साली ‘गनफाइट ॲट द ओ. के. कोरल’ काढून या सेकंदांची मिनिटं केली. दहा वर्षांनी त्यालाच उपरती झाली आणि त्याने ‘अवर ऑफ द गन’ नावाचं शुद्धिपत्र काढलं. हे असंच घडलं, अशी सुरुवातीलाच पाटी. गोळीबार झटपट उरकलेला, पुढे कोर्टकचेरी आणि सुडाने कडवट झालेला वायट. मी खूश! पण शेवटी वायट मेक्सिकोत जाऊन आइक क्लँटनला संपवतो. प्रत्यक्षात आइकला १८८७ साली ॲरिझोनातच एका डिटेक्टिव्हने मारलं. म्हणजे शुद्धिपत्रालाही शुद्धिपत्र लागणार.

१९७१च्या ‘डॉक’ने तर वायटला सत्तेसाठी साटंलोटं करणारा संधिसाधू करून टाकलं. खऱ्या वायटलाही शेरीफ व्हायचं होतंच. मराठी प्रेक्षकाला यात धक्का बसण्यासारखं काय आहे?

मला विचाराल तर सिनेमा आइकवर निघायला हवा. हा गृहस्थ रात्रभर पितो, पत्ते कुटतो, सकाळी गावभर ‘अर्पांना बघून घेतो’ म्हणत हिंडतो. प्रत्यक्ष गोळ्या सुटल्यावर मात्र हातात हत्यार नाही म्हणून वायटलाच बिलगतो, मग फ्लायच्या घरातून धूम ठोकतो आणि काही दिवसांतच अर्प मंडळींवर खुनाची फिर्याद गुदरतो. केवढी मोठी भूमिका! नटाला पिस्तूल धरता आलं नाही तरी चालेल, पळता मात्र झकास आलं पाहिजे.