सव्वा इंच

माझ्याकडे पक्षी बघायची एक दुर्बीण आहे. स्पॉटिंग स्कोप म्हणतात तिला. ६५ मिलिमीटरच्या भिंगाची, शबनम पिशवीत मावणारी, स्वभावाने जमिनीवरची. भिगवणला उजनीच्या पाण्याकाठी ती चिखलात पाय रोवून उभी राहते आणि रोहित जसा आहे तसा, डोकं वर पाय खाली, दाखवते. पोटातला लोलक उलटी प्रतिमा सुलटी करून देतो. (रोहित जेवताना मुंडी उलटी करतो, त्याला बिचारा लोलक काय करणार?) आकाशाच्या दुर्बिणींना असला संकोच नसतो. अंतराळात वर काय नि खाली काय, या सबबीवर त्या चंद्रालाही खुशाल शीर्षासन घालायला लावतात.

या सुलट्या, संसारी दुर्बिणीला आकाशाची नेत्रभिंगं बसवावीत असं एका चांदण्या रात्री माझ्या मनात आलं. तिच्या स्वतःच्या झूममधून कमी पटींवर बघणं म्हणजे दाराच्या फटीतून वरात बघणं. आणि कपाटात तर प्लोसल जातीची दोन भिंगं, मोडीत गेलेल्या एका दुर्बिणीमागे, जुन्या मोज्यात गुंडाळून दिवस काढत होती. व्हिएन्नाच्या प्लोसलने १८६० साली ही रचना केली. या भिंगांचा हिशेब मोठा उफराटा. दुर्बिणीच्या नाभीय अंतराला भिंगाच्या नाभीय अंतराने भागायचं, म्हणून २५ मिलिमीटरचं भिंग कमी मोठं दाखवतं, १० चं जास्त. माझ्या ३९० मिलिमीटरच्या दुर्बिणीला १० चं लावलं की ३९ पट. १६१० साली शनीकडे बघून तीन गोळे शेजारी शेजारी असावेत असं गॅलिलिओला वाटलं, तेव्हा त्याच्या हाती एवढंही नव्हतं.

पण लावायचं कसं? या भिंगांच्या नळीचा व्यास ३१.७५ मिलिमीटर, म्हणजे बरोबर सव्वा इंच. सव्वा! आमच्या घरी ते देवाचं माप. सत्यनारायणाला आजी रवा, साखर, तूप, सगळं सव्वापट घ्यायची, आणि वरचं पाव कशाला असं विचारलं की म्हणायची, "तेवढं त्याचं." जगभरच्या आकाशवेड्यांनी एका इंचावर पाव इंच वर ठेवलाय हे ऐकून तिला मुळीच नवल वाटलं नसतं. ही भिंगं कुठल्याही सव्वा इंची घरात सुखाने नांदतात. माझ्या दुर्बिणीचं तोंड मात्र, बाहेरच्यांशी रोटीबेटी व्यवहार नको अशा बेतानं, भलत्याच मापाचं घडवलेलं.

शेवटी भोसरीत लेथ चालवणाऱ्या एका काकांकडे गेलो. "सव्वा इंच? दहा सूत," असं म्हणून त्यांनी व्हर्नियर लावला आणि अ‍ॅल्युमिनियमचं एक देखणं कडं कातून दिलं. रात्री गच्चीवर बघतो तर समोरच्या कपडे वाळत घालायच्या दोरीवरचा चिमटा काचेसारखा स्वच्छ आणि चंद्र म्हणजे विरजण न लागलेलं दही. कडं जरा उंच झालं होतं. भिंग मागे राहिलं, आणि मागे राहिलेल्याला जवळचंच तेवढं दिसतं. काकांनी मुकाट्याने चार मिलिमीटर कातून काढले. पैसे घेईनात. "आधी दिसू द्या," म्हणाले.

म्हणून ते गच्चीवर आले. चष्मा कपाळावर सरकवला, कारण १० च्या भिंगाला डोळा इतका जवळ न्यावा लागतो की पापण्या काच झाडतात. समोर शनी होता, ज्वारीच्या कणीएवढा, कडं घालून बसलेला. ते कडं गोळ्याला कुठेही चिकटलेलं नाही, हे जगाला सांगायला हायगेन्सला १६५९ साल उजाडलं होतं. मी ते सांगणार होतो. पण काकांचा श्वास थांबल्यासारखा वाटला, म्हणून गप्प राहिलो.

"वॉशर सेंटरला आहे," बऱ्याच वेळानं ते हळूच म्हणाले. "कुठंच टेकत नाही हो."

मग डोळा न काढताच त्यांनी विचारलं, "मधी गाळा किती सोडलाय?"

मी हजारो किलोमीटरांची जुळवाजुळव करू लागलो. त्यांनी हातानंच थांबवलं.

"ऱ्हाऊ द्या. मापात आहे."