खांब नसलेला बंगला

धाराशिवात घर काढायचं म्हटलं की आता गवंड्याआधी थ्रीडीवाला गाठावा लागतो. आमच्या थ्रीडीवाल्याची पदवी सिव्हिलची, हात मात्र गेमवर बसलेला. झेरॉक्सच्या दुकानाला लागून त्याची दहा बाय बाराची खोली. तिच्यात बसून तो लोकांना तीन हजार फुटांचे बंगले दाखवतो.

त्याच्या पडद्यावर कायम संध्याकाळ. प्लॉट तेरचा असो की परंड्याचा, रस्ता नुकत्याच पडलेल्या पावसानं चकाकतो. गच्चीवर पोहायचा तलाव. नळ कधी येईल याचा इथं भरवसा नाही, पण ते सॉफ्टवेअरला कोण सांगणार? अंगणात फिरणारी गोरी बाई प्रत्येक बंगल्यात तीच. एकट्या आमच्या गल्लीत तिची पाच घरं झालीत.

मामांना घर काढायचं होतं, म्हणून मामा-मामींना त्याच्याकडं नेलं. तो म्हणाला, "मामा, आर्किटेक्ट झाहा हदीदच्या ऑफिसनं २०२२ मध्ये मेटाव्हर्समधलं, म्हणजे कॉम्प्युटरातल्या जगातलं, आख्खं शहर डिझाइन केलंय. तिथं वजनाचा प्रश्नच नाही!" संयुक्त राष्ट्रांची मंडळी २०१२ पासून माइनक्राफ्ट या गेममध्ये रहिवाशांकडूनच चौक आणि बागा रचून घेतात, हेही त्यानंच सांगितलं. मला ते फार आवडलं. तो स्वतः मात्र गिऱ्हाइकाला माऊसला बोट लावू देत नाही.

मामांच्या डोळ्यांवर त्यानं व्हीआरचा जाडजूड चष्मा चढवला. उंबऱ्याशी मामा थबकले, चपला काढल्या, उजवा पाय आत टाकला आणि झेरॉक्सवाल्याची खुर्ची आडवी केली.

"देवघर कुठाय?"

"तिथं होम थिएटर घेतलंय, मामा."

मग मामी बसल्या. माहेर सास्तूरचं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपात तिथं दगडी भिंती ढासळल्या आणि फूट-दोन फूट मातीची माळवदं झोपलेल्या माणसांवर आली. मामींनी फरशी पाहिली नाही, तलाव पाहिला नाही. मान वर करून पोर्चचा बारा फूट पुढं आलेला स्लॅबच बघत राहिल्या.

"लेकरा, हे कशावर उभारलंय?"

"कॅन्टिलिव्हर आहे, मामी."

"असंल. कशावर उभारलंय?"

"खांबानं लूक जातो ओ."

"घाल."

त्यानं एक खांब घातला. "तिकडं बी." दिवेलागणीपर्यंत बंगल्याला चौदा खांब लागले, होम थिएटरात देव बसले, तलावावर झाकण येऊन त्याची टाकी झाली. गोरी बाई तेवढी जुन्याच वाटेनं, खांबांच्या आरपार चालत होती.