अडकित्त्याचं सोवळं

पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात अडकित्त्यांच्या कपाटापुढे माझे पाय रेंगाळतात. घडवणाऱ्याने कुणाला घोड्याचं रूप दिलं, कुणाला पक्ष्याचं; सुपारी कातरणं हे नुसतं निमित्त असावं. आता तेही उरलेलं नाही. संग्रहालयात आलेल्या वस्तूला आधी नोंदणी क्रमांक मिळतो. तो लिहिण्याचाही रिवाज आहे: सहसा दिसणार नाही अशा जागी पारदर्शक लेपाचा पातळ थर, त्यावर मुंगीच्या पावलांएवढा आकडा, वर पुन्हा लेप, आणि उद्या पुसायचा झाला तर डाग राहता कामा नये. मग नोंदवहीत माप, धातू, कुणाकडून आला, कुठे चीर आहे. त्यानंतर सुपारी वर्ज्य. उघड्या हाताने उचलायचंही नाही, कारण घामातले क्षार धातूला खातात. उभा जन्म पानदानात चुन्याशेजारी काढलेल्या जिवाला म्हातारपणी हे सोवळं झेपत असेल का?

दिनकर केळकर ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहीत. 1920 च्या सुमारास लागलेला त्यांचा नाद 20,000 हून अधिक वस्तूंपर्यंत गेला: दिवे, कुलपं, दौती, फण्या, पाय घासायच्या वज्र्या. कोथरूडचा मस्तानीमहाल तर त्यांनी उचलून आणून इथे पुन्हा उभा केला. माणसं बाजारातून परतताना पिशवीतून भाजी आणतात. पत्नी कमलाबाई या सगळ्यात सोबत होत्या. घरात आणखी एक समई यावी आणि तिच्यातही वात घालायची नाही, हे सोसणाऱ्या बाईची नोंद कुठल्या रकान्यात करतात, कोण जाणे.

मांडलेल्या वस्तू सुमारे 2,500, बाकीच्या कोठारात. संग्रहालयांच्या जगात बहुतेकांचं नशीब हेच. जुन्या वस्त्रांना तर उजेडही मोजून, साधारण 50 लक्स; थोडे दिवस लोकांपुढे, मग पुन्हा अंधारात विश्रांती. सरकारी पाहुण्यांनाही इतकं जपत नसतील. आणि एखादी वस्तू फुटली, हरवली, तरी नोंदवहीतली तिची ओळ राहते. तिचा क्रमांक दुसऱ्या वस्तूला देत नाहीत.

संग्रहालयाच्या नावातला राजा हा केळकरांचा लहानपणीच गेलेला मुलगा. बाहेरगावच्या एका पाहुण्याने दारावरची पाटी वाचून मला विचारलं, “हे राजे कुठल्या संस्थानचे?” काय सांगणार? केळकरांच्या, म्हटलं. “बरंच राखलंय की त्यांनी,” असं म्हणत तो समाधानाने तिकीट काढायला गेला.