टॅपेट वाजू द्या

आमच्याकडे १९८७ सालची अँबॅसडर आहे. मी हे अभिमानाने सांगतो. घरचे तक्रारीच्या सुरात सांगतात. जन्म बंगालात उत्तरपाड्याचा, इंजिन १४८९ सीसीचं, विलायती वळणाचं, आणि त्यावर बिडाचं हेड. ते एकट्याने उचलायला गेलेला माणूस पुढे कंबरेला पट्टा बांधून हिंडतो.

गेल्या उन्हाळ्यात कोल्हापूरला जाताना खंबाटकीच्या घाटात गाडी तापली. रेडिएटरचं पाणी गायब, ऑईलच्या झाकणाखाली दुधाळ लगदा. हेड गॅसकेट गेलं, हे सांगायला मिस्त्री लागत नाही. नवं गॅसकेट टाका आणि मोकळे व्हा, असा घरात एकमताने ठराव झाला. पण तापलेलं हेड वाकतं, आणि वाकलेलं दिसत नाही. आमच्या भाऊकाकांनी एक डोळा मिटून ते न्याहाळलं आणि "सरळ आहे" असा दाखला देऊन टाकला. उद्यमनगरातल्या मिस्त्रीने हेडवर पोलादी पट्टी आडवी धरली आणि खालून ०.०५ मिलिमीटरची फिलर, म्हणजे फट मोजायची पातळ पाती, सरकवली. ती सरळ आत गेली. तिच्यामागून जाड फिलरही गेली.

"तुझी पट्टी वाकडी असेल," भाऊकाका म्हणाले.

मग हेड घासून सपाट करणं आलं, म्हणजे फेसिंग. ते मात्र एकदा उभं राहून बघावं. दगड फिरतो, पाणी पडतं, आणि पहिल्या हातात फक्त उंचवटे चकाकतात. खोलगट भाग काळाच राहतो. हेड कुठे बसलंय याचा नकाशाच समोर उमटतो. काळं संपलं की थांबायचं. पण "आलोच आहोत तर आणखी थोडं घे," हे भाऊकाका न्हाव्यालाही सांगतात. केस निदान परत उगवतात. हेड जास्त घासलं तर वरची पोकळी लहान होते, कॉम्प्रेशन वाढतं आणि चढाला इंजिन ठोकायला लागतं. शिवाय हेड खाली आलं की रॉकरही पुशरॉडच्या जवळ येतो आणि टॅपेटमधली, म्हणजे रॉकर आणि व्हॉल्व्हच्या दांडीमधली, फट खाल्ली जाते. मशीनवर गेलेल्या लोखंडाचा हिशेब असा टॅपेटवर निघतो.

ही फट पंधरा थाऊ, म्हणजे ०.३८ मिलिमीटर. व्हॉल्व्ह आठ, आणि ते लावायची रीत मोठी गमतीची: आठवा पूर्ण दाबला गेला की पहिला लावायचा, सातवा दाबला की दुसरा, सहावा दाबला की तिसरा. बेरीज नेहमी नऊ. हँडल मारायचं काम भाऊकाकांनी हौसेने घेतलं आणि नऊ म्हटल्यावर लगेच नवग्रहांचा संबंध लावला. मिस्त्रीने कॅमशाफ्टचा लावला: एक व्हॉल्व्ह पुरता उघडला की त्याच्या जोडीदाराचा कॅम पाठ फिरवून असतो, तेव्हाच खरी फट मिळते. फिलर जरा अडखळत सरकली पाहिजे. वरचा नट आवळताना स्क्रू हळूच फिरतो, म्हणून आवळल्यावर पुन्हा फिलर घालून बघायची. हे दुसऱ्यांदा बघणं बरेच जण टाळतात, आणि दोष गाडीच्या वयाला देतात.

गाडी सुरू झाली आणि टिकटिक ऐकू आली. घरची मंडळी एकदम गप्प.

"एवढे पैसे घालून आवाज?" भाऊकाकांनी मिस्त्रीला बाजूला घेतलं. "जरा आवळ की!"

"काका, आवाज बंद करून देतो. पण एक्झॉस्ट व्हॉल्व्हचे पैसे आत्ताच ठेवून जा."

माझ्या मते मेकॅनिकल इंजिनिअरिंगचं एक वर्ष या वाक्यात बसतं. तापल्यावर व्हॉल्व्हची दांडी वाढते. फट नसेल तर व्हॉल्व्ह सीटवर पुरता बसत नाही. आणि अंगातली उष्णता तो मुख्यतः सीटवर बसूनच सोडतो. मग कडेने पेटता वायू निसटतो आणि कड जळून जाते. हे सगळं अगदी शांतपणे होतं. ढिल्या टॅपेटनेही झीज होते, पण तो बोंब मारून सांगतो तरी.

तेव्हा गाडी विकत घ्यायला कुणी आलं आणि "टॅपेट वाजतायत" म्हणून भाव पाडू लागलं, तर हलकी टिकटिक त्याला खुशाल ऐकू द्या. मात्र नवं गॅसकेट बसल्यावर काहीशे किलोमीटरांनी थंड इंजिनवर हेड पुन्हा आवळून घ्या, आणि त्यानंतर टॅपेट परत तपासा. त्या दिवशी घरातल्या काकांना दुसरं काहीतरी काम द्या.