एक डबा, सरकारं अनेक

आदिलाबाद जिल्ह्यातल्या गुडीहत्नूरच्या माणसाला व्हीलॅन, म्हणजे एकाच स्विचमध्ये पाडलेली वेगवेगळी नेटवर्कं, शिकवायला जाऊ नये. तोच आपल्याला शिकवील. नवा स्विच, म्हणजे नेटवर्कच्या वायरी जोडायचा डबा, खोक्यातून काढला की त्याचे सगळे पोर्ट व्हीलॅन 1 मध्ये असतात आणि सगळे एकमेकांशी बोलतात. आमचा व्हीलॅन 1 म्हणजे हैदराबाद. किनवट, राजुरा, आम्ही, सगळे त्यातच होतो. मग 1 नोव्हेंबर 1956 ला कुणीतरी दिल्लीत बसून सेटिंग बदललं. किनवट-राजुरा मुंबई राज्यात गेले, आम्ही आंध्र प्रदेशात. 2 जून 2014 ला तेलंगणात आलो, आणि 11 ऑक्टोबर 2016 ला आदिलाबाद जिल्ह्याचेच चार जिल्हे झाले. एवढ्या उलथापालथीत आमचा म्हातारा ओट्यावरून उठलासुद्धा नाही. व्हीलॅन म्हणतात तो हाच: डबा हलत नाही, वायर तुटत नाही, फक्त आकडा बदलतो आणि कालचा शेजारी परका होतो.

एका स्विचकडून दुसऱ्याकडे जाताना हा आकडा डेटाच्या पाकिटावर चिकटवतात. त्याला बारा बिटांची जागा आहे, म्हणजे वापरण्याजोगे व्हीलॅन 4094. आपल्या राज्यकर्त्यांनी जिल्ह्यांच्या बाबतीत ही मर्यादा अजून गाठलेली नाही, पण उमेद दांडगी आहे.

नवशिके अडखळतात ते ॲक्सेस आणि ट्रंक या दोन पोर्टांपाशी. ॲक्सेस पोर्ट एकाच व्हीलॅनचा असतो. ट्रंकमधून अनेकांची ये-जा चालते. यासाठी पुस्तक नको, महाराष्ट्रातला जिवती तालुका आणि तेलंगणातलं केरामेरी मंडल यांच्या सीमेवरची चौदा गावं बघून यावीत. तिथे शाळा दोन्ही सरकारांच्या, मतदार ओळखपत्रं दोन, रेशनकार्डं दोन. 2024 च्या लोकसभेला चंद्रपूरचं मतदान 19 एप्रिलला आणि आदिलाबादचं 13 मे रोजी. मधे शाई पुसट व्हायला पुरेसे दिवस. नेटवर्कवाले याला ट्रंक म्हणतात, सरकारं वाद म्हणतात, गावकरी रेशन म्हणतात.

दोन व्हीलॅनना आपसात बोलायचं तर मधे राउटर लागतो, नाहीतर राउटरचं काम जाणणारा महागडा स्विच. आमच्याकडे तो कचेरीबाहेर टेबल टाकून बसतो. मराठीत गाऱ्हाणं ऐकतो, तेलुगूत अर्ज लिहितो, आणि प्रत्येक पाकिटामागे आपला दर घेतो. तो जेवायला गेला की दोन्ही भाषा आपापल्या जागी ठणठणीत असतात, फक्त काम होत नाही. नेटवर्क बंद पडल्याची तक्रार बहुतेकदा अशीच असते.

आता स्टॅक. व्हीलॅन एकाचे अनेक करतो, स्टॅक अनेकांचा एक. सिस्कोने 2003 मध्ये कॅटॅलिस्ट 3750 आणला, तेव्हा नऊ डबे एकत्र बांधून बाहेरच्या जगाला एकच पत्ता दाखवायची सोय झाली. आत मात्र एक मास्टर, बाकीचे सभासद. मास्टर निवडीचा नियम वाचून कुणाही पुढाऱ्याला गहिवरून येईल: आधीपासून जो खुर्चीवर आहे, तोच पहिला दावेदार. मागाहून पंधरा प्राधान्याचा, म्हणजे सर्वांत वरच्या मानाचा डबा आला तरी त्याने गप बसायचं. जुना मास्टर बंद पडेल किंवा कुणी त्याला रीस्टार्ट करील, तेव्हाच सत्तांतर.

डब्यांना जोडणाऱ्या केबलचं मात्र कडं पूर्ण करावं, म्हणजे शेवटच्या डब्यातून एक केबल पहिल्याकडे परत आणावी. अनेक जण ती वाचवतात. कडं पूर्ण असताना एक केबल निघाली तर वेग निम्म्यावर येतो, निभावतं. दोन ठिकाणी तुटलं की स्टॅकचे दोन गट पडतात. दोन्हीकडे मास्टर उभा राहतो, पत्ता तोच, नाव तेच, सेटिंग तेच, आणि दोघेही ठामपणे सांगतात की मूळ स्टॅक आमचाच. 2022 नंतरच्या महाराष्ट्राला हे फोडून सांगायला नको.

किनवटच्या एका नवशिक्याला हे समजावलं. त्याने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, ‘‘मग चिन्ह कुणाला मिळतं?’’